नाशिकच्या क्रीडा मंडळाबद्दल विकिपीडियावर लिहायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सरावानंतर घाम पुसताना, लग्नाच्या पंगतीत, एकदा तर सीबीएसला बस पकडता पकडता हेच प्रश्न मला विचारले गेले आहेत. म्हणून एकदाचे लिहून ठेवतो. मी नाशिकमधल्या एका खो-खो मंडळाचा जुना खेळाडू. गुडघ्याने साथ सोडल्यापासून मराठी विकिपीडियावर खेळांचे लेख दुरुस्त करत बसतो. इथली उत्तरं माझ्या आणि माझ्यासारख्या दोन-चार हौशी संपादकांच्या अनुभवातली आहेत. विकिपीडियातर्फे मी बोलत नाही. तिथे असं 'तर्फे' बोलणारं कुणी नसतंच.

आमच्या मंडळाला पन्नास वर्षं झाली. विकिपीडियावर पान का नाही?

वय हा तिथला निकष नाही. ट्रॉफ्यांचं कपाट किती भरलंय, हाही नाही. विचारलं जातं ते एवढंच: मंडळाशी काही देणंघेणं नसलेल्या लोकांनी मंडळाबद्दल सविस्तर लिहून कुठे छापलंय का? याला तिथे 'उल्लेखनीयता' म्हणतात. शब्द टोचतो, मान्य. "आम्ही काय उल्लेख करायच्या लायकीचे नाही?" असं एका काकांनी मला टपरीवर चढ्या आवाजात विचारलं होतं. लायकीचा प्रश्नच नाही. ज्ञानकोशातल्या वाक्यामागे आधी छापलेलं काहीतरी लागतं. ते नसेल तर लेखात लिहायचं काय, आणि वाचणाऱ्याने पडताळायचं कशावरून?

'अमुक मंडळाने तमुक संघावर एक डाव आणि पाच गुणांनी मात केली' ही चार ओळींची बातमी त्या सामन्याची झाली, मंडळाची नव्हे. अशा शंभर बातम्यांची फाईल असली तरी तिच्यातून मंडळाचा इतिहास उभा राहत नाही. उलट रविवारच्या पुरवणीत मंडळाच्या वाटचालीवर अर्धं पान आलं असेल, किंवा शहराच्या इतिहासावरच्या एखाद्या पुस्तकात मंडळावर दोन पानं असतील, तर ते धरलं जातं. अशा दोन-तीन गोष्टी, वेगवेगळ्या हातांनी लिहिलेल्या, सापडल्या की पानाची भाषा करू.

पान करायला पैसे किती लागतात?

शून्य. 'तुमच्या संस्थेचं पान करून देतो, कायम राहील याची हमी' असा फोन आला तर ठेवून द्या. हमी कुणीच देऊ शकत नाही, कारण कुठलंही पान कुणीही बदलू शकतं आणि नियमात बसत नसेल तर ते काढलं जातं. पैसे घेऊन संपादन करणाऱ्याने ते उघड सांगायलाच हवं, अशी अट विकिपीडियाच्या वापराच्या अटींमध्ये २०१४ पासून आहे. असे फोन करणारे बहुतेक ती पाळत नाहीत.

मी मंडळाचा सचिव आहे. मीच लिहिलं तर बिघडतं कुठे?

बंदी नाही, पण शहाणपणही नाही. आपल्या मंडळाबद्दल लिहिताना हात आपोआप सैल सुटतो. हरलेले सामने आठवत नाहीत, फुटून निघालेला गट आठवत नाही, देणगीदार मात्र नावानिशी आठवतात. मी स्वतः यातून गेलोय, पुढे सांगतोच.

चांगला मार्ग असा. खातं उघडा, आपल्या सदस्यपानावर 'मी या मंडळाचा पदाधिकारी आहे' असं सरळ लिहा. मग लेखात हात न घालता त्याच्या चर्चा पानावर जा आणि मांडा: इथे हे साल चुकलंय, हा त्याचा पुरावा, कृपया बदला. मंडळाबाहेरचा एखादा संपादक ते बघून बदल करेल. शुद्धलेखन सुधारणं, कुणी खोडसाळपणे टाकलेली शिवी काढणं, यासाठी मात्र कुणाची वाट बघू नका.

मंडळाच्या नावानेच खातं उघडू का? म्हणजे सगळे मिळून वापरतील.

नको. खातं माणसाचं असतं, संस्थेचं नाही. एक खातं चौघांनी वापरलेलंही चालत नाही. टोपणनाव घ्या, हरकत नाही, पण त्यामागे एकच माणूस हवा.

आम्ही पान टाकलं होतं. दोन दिवसांत गायब! कुणाचं वाकडं केलं होतं आम्ही?

बसा, चहा घ्या. आमचंही गेलं होतं.

आम्ही सुवर्णमहोत्सवी स्मरणिका उघडली, पहिल्या पानावरचं मनोगत टंकलं आणि जसंच्या तसं चढवलं. 'गोदामाईच्या कुशीत, प्रभू रामचंद्रांच्या पदस्पर्शाने पावन झालेल्या या नगरीत खेळाडूंची पंढरी म्हणून ज्या मंडळाकडे आदराने पाहिलं जातं...' अशी सुरुवात होती. त्याखाली आजी-माजी पदाधिकाऱ्यांची यादी आणि आश्रयदात्यांची यादी. शेवटी प्रवेशासाठी संपर्क. दुसऱ्या दिवशी पानाच्या डोक्यावर 'पानकाढा' साचा, म्हणजे 'हे पान काढून टाका' अशी पाटी लागली, तिसऱ्या दिवशी पान गेलं. मंडळाच्या ओट्यावर त्या संध्याकाळी सराव झालाच नाही, नुसता निषेध झाला. 'पुण्या-मुंबईची लोकं आपल्याला मोठं होऊ देत नाहीत' इथपर्यंत गाडी गेली.

आज तेच पान समोर आलं तर मीच 'पानकाढा' लावीन. एक तर ते स्मरणिकेतून उचललेलं होतं. मजकूर आपलाच असला तरी छापलेली गोष्ट तिथे चढवायची तर ती मुक्त परवान्याखाली, म्हणजे कुणालाही वापरायची मुभा ठेवून, देत असल्याचं हक्कदाराने रीतसर कळवावं लागतं. दुसरं, 'आदराने पाहिलं जातं' म्हणजे कुणी पाहिलं? आणि तिसरं, पानभर मजकुरात बाहेरचा एकही संदर्भ नव्हता. यात पुण्या-मुंबईचा काही संबंध नव्हता. पान काढणारा प्रचालक, म्हणजे पानं काढायचे अधिकार असलेला संपादक, तोही आपल्यासारखाच फुकट काम करणारा.

तुमचं पान गेलं असेल तर आधी ते काढण्याचं कारण वाचा, नोंदीत दिलेलं असतं. लगेच तेच पुन्हा टाकू नका. तसं केलं की पुढच्या वेळी चांगलं लिहिलं तरी लोक संशयाने बघतात.

पुरावा म्हणून नक्की काय चालतं?

सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो, म्हणून जरा सविस्तर.

वर्तमानपत्रातला लेख चालतो, मग तो 'देशदूत'चा असो, 'गांवकरी'चा असो की 'सकाळ', 'लोकमत'चा. इंटरनेटवर नसला तरी चालतो. हा मोठा गैरसमज आहे की दुवा नसेल तर संदर्भ नाही. वर्तमानपत्राचं नाव, आवृत्ती, तारीख, पान क्रमांक, मथळा आणि असेल तर लेखकाचं नाव दिलं की संदर्भ पूर्ण. ई-पेपरच्या दुव्यांचा भरवसा धरू नका, ते काही दिवसांत मरतात. दुवा देताच असाल तर त्या पानाची प्रत इंटरनेट अर्काइव्ह या जुनी पानं साठवणाऱ्या संकेतस्थळावर जतन करून तोही दुवा द्या.

पण वर्तमानपत्रात छापून आलं म्हणजे ते स्वतंत्र झालंच असं नाही. मंडळानेच पाठवलेलं प्रसिद्धिपत्रक शब्दाचाही फरक न करता तीन दैनिकांत आलेलं असतं. तीन कात्रणं, पण साक्षीदार एकच, आणि तोही आपणच. ओळखायची खूण सोपी आहे: तिन्ही बातम्यांत एकच चूक असते.

स्मरणिका मर्यादित कामाला येते. स्थापना कुठे झाली, पहिलं मैदान कोणतं, अशा साध्या गोष्टींसाठी 'मंडळाच्या स्मरणिकेनुसार' असं म्हणून घेता येते. कौतुकासाठी नाही. पुरस्कारांना शासन निर्णय उत्तम. शिवछत्रपती राज्य क्रीडा पुरस्कार मिळाला असेल तर शासनाच्या संकेतस्थळावर नावानिशी यादी मिळते आणि वाद संपतो. खो-खोतले एकलव्य किंवा राणी लक्ष्मीबाई पुरस्कार असतील तर त्या वर्षीच्या राष्ट्रीय स्पर्धेची बातमी शोधा, त्यात नाव हमखास असतं.

व्हॉट्सअॅपवर फिरलेला मजकूर, फेसबुकवरची पोस्ट, सत्काराचं सन्मानपत्र, मंडपातला फ्लेक्स: यातलं काही चालत नाही. फ्लेक्सचा फोटो संदर्भ म्हणून दिलेला मी एकदा पाहिलाय. त्यावर खेळाडूपेक्षा नगरसेवकाचा चेहरा मोठा होता.

कात्रणं आहेत, पण एकावरही तारीख नाही. काय करू?

ही नाशिकचीच नव्हे, अख्ख्या महाराष्ट्रातल्या मंडळांची व्यथा आहे. प्रत्येक मंडळात एक हौशी माणूस असतो, तो बातमी इतकी सुबक कापतो की तारीख कात्रीखाली जाते. मग वहीत खळीने चिकटवतो, म्हणजे मागची बाजूही गेली.

चिकटवलेली नसेल तर कात्रण उलटं करा. आमच्याकडे एक होतं: पुढे आमच्या मुलींच्या संघाचा फोटो, मागे लासलगावच्या कांद्याचे भाव आणि एका सिनेमाच्या जाहिरातीचा अर्धा तुकडा, 'तिसरा आठवडा' लिहिलेला. बातमीत स्पर्धेचं नाव होतं, त्यावरून वर्ष अंदाजात आलं. सिनेमावरून महिना. मग त्या महिन्याचे अंक चाळले आणि तिसऱ्या तासाला तोच फोटो समोर आला, पान सात, खालच्या कोपऱ्यात. वाचनालयात ओरडता येत नाही म्हणून दोघांनी एकमेकांचा दंड दाबला.

अंदाजाने काढलेली तारीख संदर्भात टाकू नका. अंक डोळ्यांनी पाहिला तरच टाका.

जुने अंक आणि पुस्तकं शोधायची कुठे?

सार्वजनिक वाचनालय, म्हणजे आपलं 'सावाना', १८४० पासूनचं आहे. सुरुवात तिथून करा. मात्र कोणत्या वर्षांचे काय बघायला मिळेल ते आधी विचारून मगच जा. वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत आपापल्या जुन्या फायली असतात. ओळख काढून, वेळ घेऊन, हात धुऊन गेलात तर बघू देतात.

शोधताना 'नाशिक' आणि 'नासिक' दोन्ही टाका. जुन्या छापील मजकुरात 'नासिक' फार आहे. इंग्रजीतही तेच, १८८३ चं ब्रिटिशकालीन जिल्हा गॅझेटियर 'नासिक' याच नावाखाली आहे. त्यात तुमचं मंडळ अर्थातच मिळणार नाही, पण पेठांची, घाटांची, वस्तीची पार्श्वभूमी लिहायला ते उपयोगी पडतं. खेळांच्या नियमांसाठी आणि इतिहासासाठी मराठी विश्वकोशातल्या नोंदी संकेतस्थळावर वाचायला मिळतात. तालीम, मल्लखांब, लेझीम असला विषय असेल तर बडोद्याहून निघालेला दहा खंडांचा व्यायाम ज्ञानकोश हुडकून काढा. जुन्या आखाड्यांवरचा तेवढा मजकूर एका जागी क्वचितच मिळेल.

स्थापनेचं साल स्मरणिकेत एक, नोंदणीपत्रात दुसरं. खरं कोणतं?

दोन्ही खरी असू शकतात. पोरांनी मैदान आखून खेळायला सुरुवात केली तो दिवस वेगळा, आणि धर्मादाय आयुक्तांकडे नोंद झाली तो वेगळा. आपल्याकडची बहुतेक मंडळं १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक न्यास कायद्याखाली नोंदलेली आहेत. ती नोंद अनुदान किंवा जागा मागायची वेळ आली तेव्हा, म्हणजे बऱ्याच वर्षांनी, झालेली असते. लेखात सरळ दोन वाक्यं लिहा: स्मरणिकेनुसार अमुक साली सुरुवात, नोंदणी तमुक साली. एकच साल निवडायचा अट्टहास केला की मंडळात दोन गट पडतात. हे मी बघितलेलं आहे.

आमच्याकडे बारा राष्ट्रीय पदकं आहेत. ती तरी लिहू?

लिहा, पण 'राष्ट्रीय' कोणत्या अर्थाने ते आधी बघा. एकाच खेळाच्या दोन-दोन, तीन-तीन संघटना असतात आणि जिला मान्यता नाही तीही आपल्या स्पर्धेला 'राष्ट्रीय' म्हणते. स्पर्धेचं पूर्ण नाव, भरवणारी संघटना, ठिकाण आणि वर्ष लिहा. वाचणारा काय ते समजेल. शालेय, निमंत्रित, जिल्हा अजिंक्यपद, राज्य अजिंक्यपद यांची सरमिसळ करू नका. बारापैकी चार उरली तर चार लिहा. त्या चारांना तरी कुणी हात लावणार नाही.

फार मोठा खेळाडू आमच्या मैदानावर सराव करायचा. त्यावरून मंडळाचं पान होईल ना?

नाही. खेळाडूचा मोठेपणा मैदानाला आपोआप लागत नाही. आणि असे दावे करताना जपून.

दत्तू भोकनळ यांचंच बघा. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचे, २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरी नौकानयनात तेरावे आले, २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या नौकेत सुवर्ण. जिल्ह्याचा माणूस म्हटल्यावर प्रत्येकाला तो आपला वाटतो. पण त्यांच्या हाती वल्हं आलं ते सैन्यात गेल्यावर. तेव्हा 'आमच्या मंडळातून घडलेले' असं कुणी गोदाकाठच्या संस्थेबद्दल लिहिलं तर छापील पुरावा मागितला जाणारच.

नातं खरं असेल आणि छापून आलेलं असेल, तर ते खेळाडूच्या लेखात एका वाक्यात जाऊ शकतं. तेही थोडं नाही. खेळाडूचा लेख शेकड्यांनी लोक वाचतात, मंडळाचं पान बहुधा मंडळवालेच.

'नाशिकची शान' असं लिहिलं तर काय बिघडलं? शान आहेच की!

आहे. पण ते वाचकाला ठरवू द्या. कविता राऊत यांच्याबद्दल 'नाशिकच्या मातीतली सुवर्णकन्या, जिने साऱ्या विश्वात देशाचा झेंडा फडकवला' असं लिहून वाचकाच्या हाती काहीच लागत नाही. 'सावरपाडा येथील धावपटू कविता राऊत यांनी २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटर शर्यतीत कांस्यपदक आणि त्याच वर्षी ग्वांगझू आशियाई स्पर्धेत रौप्यपदक मिळवलं' असं लिहिलं की अंगावर काटा यायचा तो येतो. 'सावरपाडा एक्स्प्रेस' हे टोपणनाव लिहायला हरकत नाही, कारण ते वर्तमानपत्रांनीच रूढ केलं. फक्त 'या नावाने ओळखल्या जातात' म्हणून संदर्भ द्या.

नेहमी कापावे लागणारे शब्द सांगतो: सुप्रसिद्ध, नामांकित, अग्रगण्य, दैदीप्यमान, सिंहाचा वाटा, मोलाचं योगदान, अल्पावधीतच. हे काढून वाक्य पुन्हा वाचा. काही उरलं तर ती माहिती.

फोटो कोणते चालतात?

तुम्ही स्वतः काढलेले. ते विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या फोटोंच्या सामायिक कोठारात, चढवायचे, आणि चढवताना मुक्त परवाना द्यायचा. म्हणजे उद्या कुणीही, अगदी धंद्यासाठीसुद्धा, तुमचं नाव देऊन तो फोटो वापरू शकेल. हे पटत नसेल तर चढवू नका. मागाहून परत घेता येत नाही.

मूळ फाईल चढवा, व्हॉट्सअॅपवरून आलेली नको. व्हॉट्सअॅपवर फोटो बारीक होतो आणि कॅमेऱ्याची, तारखेची आतली माहिती पुसली जाते. तसा फोटो दिसला की 'हा कुठून उचलला?' ही शंका लगेच येते. सामन्याचे फोटो काढताना धूळ, खांब, बसलेले गडी असं सगळं येऊ द्या. सत्काराचे शाल-श्रीफळवाले फोटो ज्ञानकोशाला काही शिकवत नाहीत. खो-खोत खांबाला टेकून पूर्ण लांबलेल्या आक्रमकाचा एक नीट फोटो शंभर सत्कारांना भारी.

जुन्या फोटोंची गंमत वेगळी. आपल्याकडे छायाचित्रावरचा हक्क प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षं राहतो. म्हणजे १९७८ साली छापलेला संघाचा फोटो २०३८ संपेपर्यंत कुणाच्या तरी मालकीचा आहे. कुणाच्या? १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा हक्क, उलट करार नसेल तर, काढून घेणाऱ्याचा. म्हणजे मंडळाने मेनरोडच्या एखाद्या स्टुडिओला पैसे मोजले असतील तर हक्क मंडळाकडे असू शकतो. पावती सापडते का बघा. हसू नका, आम्हाला सापडली, खजिनदारांच्या पत्र्याच्या पेटीत.

मंडळाचं बोधचिन्ह? कात्रणाचा स्कॅन?

दोन्ही कॉमन्सवर नको. बोधचिन्ह कुणीतरी काढलेली कलाकृती आहे, आणि कात्रणातला मजकूर वर्तमानपत्राचा. कात्रणाचा स्कॅन आपल्याजवळ ठेवा, लेखात फक्त संदर्भ द्या.

मराठी टंकायला जमत नाही.

जमतं. विकिपीडियाच्या संपादन खिडकीत कंट्रोल आणि एम दाबलं की मराठी चालू-बंद होतं. अक्षरांतरण निवडा, म्हणजे उच्चाराप्रमाणे टंकता येईल. इनस्क्रिप्ट हा कळफलक येत असेल तर तोही आहे. फोनवर तर तुम्ही दिवसभर मराठीत भांडताच.

स्मरणिकेची फाईल डीटीपीवाल्याकडून आणली असेल तर सावध. श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमधला मजकूर चिकटवला की अगम्य चिन्हांचा चिवडा होतो. आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि मग प्रत्येक ओळ डोळ्याखालून घाला. रफार आणि 'ऱ्य' हटकून बिघडतात, 'खेळाडूंच्या' वरचा अनुस्वार उडतो.

इंग्रजी लेखाचं यंत्राने भाषांतर करून टाकलं तर?

नुसतं यंत्रावर सोडू नका. खो-खोच्या लेखात खांबाचा 'ध्रुव' झालेला मी स्वतः दुरुस्त केलाय. आक्रमकाचा 'पाठलाग करणारा' होतो, डावाचा काय वाटेल तो होतो. भाषांतर जरूर करा, पण ज्याने तो खेळ कधी खेळलाय त्याच्याकडून एकदा वाचून घ्या. कुठल्या लेखावरून केलं ते संपादनाच्या सारांशात लिहा, तसं लिहिणं परवान्याप्रमाणे बंधनकारक आहे.

मैदानाचं नाव 'गोल्फ क्लब' लिहायचं की अधिकृत?

लेखाचं नाव अधिकृत: हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. नाशिकमध्ये रिक्षावाल्याला ते सांगितलं तर तो "म्हणजे गोल्फ क्लब ना?" असंच विचारणार, म्हणून 'गोल्फ क्लब मैदान' या नावाचं पुनर्निर्देशन करायचं, म्हणजे ते नाव शोधणारा आपोआप याच लेखावर येईल. पहिल्या वाक्यात दोन्ही नावं येऊ द्या. रणजी सामन्यांच्या इंग्रजी धावफलकांत 'गोल्फ क्लब ग्राउंड' असतं, त्यामुळे बाहेरगावचा वाचक त्याच नावाने शोधत येतो.

विरोधी गटाने आमच्या अध्यक्षांबद्दल वाईटसाईट लिहिलंय. पोलिसात जाऊ?

आधी 'इतिहास' उघडा. कोणत्या खात्याने, किती वाजता, काय बदललं ते सगळं तिथे दिसतं. जिवंत माणसाबद्दल विनापुरावा बदनामीकारक मजकूर असेल तर तो लगेच काढता येतो, त्यासाठी कुणाची परवानगी नको. परत टाकला गेला तर चर्चा पानावर लिहा, प्रचालकांना कळवा, चावडीवर, म्हणजे संपादकांच्या सामायिक चर्चेच्या पानावर, मांडा. तुम्ही काढा, त्याने टाका, असा खो-खो मात्र खेळू नका. दोघांचीही खाती बंद होतात. 'कोर्टात खेचतो' ही धमकी तर अजिबात देऊ नका, तिथे चर्चा तिथेच थांबते.

आणि मजकूर खरा असेल, छापून आलेला असेल, तर? तर तो राहणार. निवडणुकीचा वाद, बंद पडलेली वर्षं, मैदानाचा खटला हाही मंडळाचा इतिहास आहे.

चौदा वर्षांखालच्या संघातल्या मुलांची नावं टाकावीत का?

नको. जन्मतारीख, शाळा, फोटोखाली पूर्ण नाव, यातलं काहीच नको. पोर मोठं होऊन नाव काढेल तेव्हा लिहू.

मंडळाच्या संकेतस्थळाचा दुवा टाकला की आपण गूगलवर वर येतो म्हणे.

येत नाही. विकिपीडियावरून बाहेर जाणारे दुवे शोधयंत्रांनी मोजू नयेत अशी खूण त्यांना लावलेली असते.

स्वतंत्र पान होण्याइतका पुरावा नाहीच निघाला, तर सगळी मेहनत वाया?

आमचा नाही निघाला. तीन पावसाळे शोधून एक पुरवणीतला लेख, एका पुस्तकातला परिच्छेद आणि ढीगभर सामन्यांच्या बातम्या. त्यामुळे आमच्या मंडळाला आजही स्वतःचं पान नाही. नाशिकमधल्या खेळांवरच्या मजकुरात दोन वाक्यं आहेत, तीन संदर्भांसह. ती लिहिणारा मंडळाचा नव्हता. मी चर्चा पानावर कात्रणांचे तपशील दिले, त्याने पारखले आणि माझं एक विशेषण कापलं.

पण त्या तीन पावसाळ्यांत हाताला जे लागलं त्यातून बाकीचे लेख सुधारले. संजीवनी जाधव, विदित गुजराथी यांच्यासारख्या नाशिकच्या खेळाडूंवरचे लेख, मैदानांवरचे लेख, खो-खोच्या नियमांवरचा लेख: यांत जुनी आकडेवारी, मेलेले दुवे, चुकलेली सालं असतातच. त्याला कुणाची परवानगी लागत नाही आणि हितसंबंधाचा प्रश्नही येत नाही. मंडळातल्या पाच पोरांनी रोज एक दुवा दुरुस्त केला तरी वर्षाकाठी मोजदाद करा.

सुरुवात कुठून करू?

धूळपाटीवरून, म्हणजे विकिपीडियावरच्या सरावाच्या पानावरून. तिथे काहीही लिहा, मोडा, पुसा. मग एखाद्या लेखातली शुद्धलेखनाची चूक दुरुस्त करा, मग एक संदर्भ जोडा. नवा लेख शेवटी. आम्ही नेमकं उलटं केलं होतं.

आजोबांची एक वही सापडलीय. साठच्या दशकातले सगळे सामने, गुण, संघ, सगळं हाताने लिहिलेलं. हा पुरावा धरतील का?

संदर्भ म्हणून नाही, कारण ती कुठे प्रसिद्ध झालेली नाही. पण शोधाला यापेक्षा चांगला नकाशा नाही. वहीत सामन्याची तारीख आहे ना? मग वाचनालयात नेमका कोणता अंक मागायचा ते कळलं, तीन तासांचं काम दहा मिनिटांवर आलं. पानापानाचे फोटो काढून ठेवा, दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न मारता. आजोबा असतील तर शेजारी बसून एकेक नाव वाचून घ्या, आडनावाशिवाय नुसतं 'बाळ्या' आणि 'दगडू' लिहिलेलं असणार आणि ते कोण हे त्यांनाच माहीत. आणि कृपा करून पानं लॅमिनेट करू नका.